अक्षराचा आकार सव्वीस

विजयनगर दुसरा स्टेज, म्हैसूर
८ जून २०२५

ती. अंबूताई,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला असं समज.

पुनीत बंगळूरहून दोन दिवस आला आणि तुझ्या-माझ्या दोन्ही जुन्या कॉम्प्युटरांत लिनक्स घालून गेला. बन्नूरला तुझ्याकडे चार इडल्या खाऊन त्याने दहा मिनिटांत सगळं समजावलं म्हणे. त्या दहा मिनिटांतलं तुला किती कळलं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्या पोराने मलाही तेवढ्याच वेळात समजावलं होतं. पण मी आठवडाभर त्यात डोकं घातलं आहे, आणि माझी खात्री झाली आहे की हे लिनक्स कुणीतरी शिंप्यानेच केलं असणार.

बाकीच्या कॉम्प्युटरांत आपण आज हे आणून टाकतो, उद्या ते काढतो, आणि वर्षभराने कशामुळे काय झालं ते कुणाला सांगता येत नाही. इथे एक फाइल आहे. कुठली सॉफ्टवेअरं हवीत, कीबोर्ड मराठी हवा की कानडी, पडद्याचा रंग कोणता, अक्षर केवढं, सगळं त्या फाइलीत लिहायचं. कसं करायचं ते लिहायचं नाही, काय हवं तेवढंच. मग एक आज्ञा दिली की मशीन फाइल वाचून स्वतःला तसं करून घेतं. पुनीत त्याला रीबिल्ड म्हणतो, मी शिवणं म्हणतो. फाइलीत जे आहे ते मशीनमध्ये आहे, आणि फाइलीतून गेलं ते पुढच्या शिवणीला मशीनमधूनही जातं.

बिघडलं तरी घाबरू नकोस. आधी शिवलेलं मशीन फेकत नाही, कपाटात टांगून ठेवतं. सुरू करताना पाच सेकंद एक यादी दिसते, तीतून आधीचं निवडलं की झालं.

आता नियम. आपल्या अण्णांच्या शिवणाच्या दुकानातली मापाची वही आठव. गिऱ्हाइकाची कंबर वाढली तर जुना आकडा पुसायचा नाही. त्यावर एक रेघ, खाली नवा आकडा, बाजूला तारीख आणि कारण. ‘लग्न झालं.’ ‘टायफॉइड.’ ‘बदली रद्द, घरचं जेवण.’ सगळ्या वहीत आपल्या मंदिरातल्या विठोबाचं माप तेवढं एकदाच लिहिलेलं. फाइलीतही तेच करायचं. ओळीपुढे # अशी जाळी काढली की मशीन ती ओळ वाचत नाही, ती माणसांसाठी उरते. तिथे तारीख आणि कारण लिही. फाइलीचे तीन भाग केले आहेत: सामाईक, नरहरी, अंबूताई. अक्षराचा आकार दोघांनाही अकरा दिला आहे.

तू अण्णांची कापणीची वही टाइप करायला घेतलीस याचा मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. दीडशे पानं, अर्धी मोडी, अर्धी कानडी, आणि ते अक्षर तुझ्याशिवाय आता कुणालाही लागत नाही. दुकान मी ज्याच्या हवाली केलं तो यशोधन कार्तिकी एकादशीला विठोबाचा पोशाख अण्णांच्या पद्धतीने शिवणार म्हणतो. पोशाखाची कापणी शेवटच्या पानांवर आहे.

आणि फोन नको. फोनवर बोललेलं हवेत जातं, मग तू म्हणतेस मी असं म्हटलंच नव्हतं. पत्र लिही. पत्र आणि पेनड्राइव्ह सत्यनारायण कंडक्टर त्याच्या बसमधून नेईल-आणील. फाइल मेलनेही जाते, पण मेलबरोबर बन्नूरचा गूळ येत नाही.

तुझा,
नरहरी


बन्नूर
१९ जून २०२५

चि. नरहरी,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळे.

पुनीतने दहा मिनिटांत सांगितलं त्यातलं मला नऊ मिनिटांचं कळलं होतं. दहाव्या मिनिटाला तो सांबार मागत होता. पस्तीस वर्षं कन्नड शाळेत पोरांना पाटीवर धडे दिले आहेत, तुझी एक फाइल मला जड नाही. रंग बदलून बघितला, शिवलं, झालं. पुन्हा पहिला केला, शिवलं, झालं. मग वेड लागल्यासारखे सात वेळा रंग बदलले. शेजारची रजनी विचारायला आली, ‘टीचर, काय चाललंय, लाइट का सारखा बदलतोय?’

अक्षर मी चौदा केलं आहे. तारीख घातली आहे, कारणही घातलं आहे: ‘चौदात गोजिरी दिसतात.’ खरंच दिसतात. तुझं अकरा म्हणजे उपाशी पोरांची रांग.

वहीचं बाविसावं पान चालू आहे. मी एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढते, पडद्यावर लावते आणि बाजूला टाइप करते. पोशाखाच्या पानांवर उडी मारता येत नाही, कारण अण्णांच्या खुणा पहिल्यापासून वाचत आलं तरच कळतात. तेराव्या पानावर बॅंडवाल्यांच्या कोटाची कापणी आहे आणि कडेला लिहिलंय, ‘ढोलवाल्याला पोटाशी दोन बोटं जास्त, तो मान्य करणार नाही.’ मी एकटीच हसत बसले.

फोनचा तुझा नियम कळला, पण मी तो कळायच्या आधी तीनदा फोन केला होता. तू उचलला नाहीस. सुमित्राने चौथ्यांदा उचलला तेव्हा म्हणाली, ‘अय्यो अक्का, फोन त्यांच्या शेजारीच आहे!’ इतका काय त्या मशीनमध्ये बुडालास?

गूळ पाठवते आहे. दोन ढेपा तुमच्या, एक सत्यनारायणची. त्याला द्यायला विसरू नकोस.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
२ जुलै २०२५

ती. अंबूताई,

गूळ पोचला. सत्यनारायणची ढेप त्याला दिली, जीव तुटला तरी दिली.

तुझा भाग वाचला. चौदा मंजूर. पण सॉफ्टवेअरच्या यादीत पत्त्यांचे पाच खेळ? अंबूताई, पाच? त्यापुढे तू कारण लिहिलं आहेस, ‘एकात हरले तर दुसरा.’ अण्णांनी असलं कारण वहीत लिहू दिलं असतं का?

मी सध्या यादी लावतो आहे. आधी सगळं एकाखाली एक होतं, दुकानात दिवाळीच्या आधी पडतो तसा ढीग. आता वेगळे कप्पे केले: लिहिण्याचं, बघण्याचं, ऐकण्याचं, खेळण्याचं. खेळण्याच्या कप्प्यात फक्त तूच आहेस. माझ्या भागातही मी थोडे बदल केले, आवाज जरा वाढवला वगैरे. सगळं तारखेसह.

एक विचारायचं होतं. तू पडदा काळा आणि अक्षर पिवळं का केलं आहेस? वाचताना रिक्षात बसल्यासारखं वाटतं.

सुमित्राचा घसा महिनाभर बसला आहे. हवेचा दोष. मिरे-खडीसाखर चालू आहे, पण दुपारपर्यंत बरा असतो आणि मी दुकानावर चक्कर मारून परत आलो की पुन्हा बसतो. डॉक्टरला दाखव म्हणतो तर माझ्याकडे नुसती बघते.

तुझा,
नरहरी


बन्नूर
२१ जुलै २०२५

चि. नरहरी,

आशीर्वाद. काळ्यावर पिवळं मला आवडतं. कारण लिहिलं आहे, वाच.

आता नवे बदल. अक्षर अठरा. कारण: ‘रजनी झोपाळ्यावर बसून लांबून वाचते.’ तिला अण्णांच्या गोष्टी ऐकायच्या असतात, आणि ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं. माउसचा बाण मोठा केला. कारण: ‘हरवतो.’ बाण म्हणजे काय आपल्या घरातला चष्मा आहे, कुठेही जाऊन बसतो. आणि एक भिंग घातलं आहे. ते सॉफ्टवेअर चालू केलं की पडद्याचा जेवढा तुकडा हवा तेवढा मोठा होतो. कारण: ‘अण्णांची पेन्सिल फिकट.’ फिकट आहेच, तूही बघितली आहेस.

एकसष्टावं पान झालं. झबल्यांचा भाग संपला. एका पानावर तुझं बारशाचं झबलं आहे. ‘पोर अंगाने हडकुळं, पण आवाज मोठा, गळा सैल ठेवणे.’ हे मी दोनदा टाइप केलं, चुकून नाही.

वही केव्हा होणार, हे तू आता विचारशीलच. होईल रे. कार्तिकीच्या आत होईल. मध्ये बोलू नकोस.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
५ ऑगस्ट २०२५

ती. अंबूताई,

आज मी फार खूश आहे. तीन दिवस बसून सगळी फाइल उसवली आणि पुन्हा बेतली. तिन्ही भाग झाडून घेतले. सुमित्रा म्हणाली, माळा झाडा म्हणून चार वर्षं सांगते आहे, तो राहिला आणि फाइल झाडली. निदान तिने तसं पाटीवर लिहून दाखवलं, घसा अजून बसलेलाच आहे.

तुझ्या भागातलंही जादाचं काढलं. पत्त्यांचे खेळ दोन ठेवले, रडू नकोस. फोटो बघायचं सॉफ्टवेअर फोटो मोठा करतंच, मग ते भिंग कशाला? एकाच कापडाला दोन कात्र्या लागत नाहीत, म्हणून तेही काढलं. फाइल आता इतकी स्वच्छ झाली आहे की अण्णांनी बघितली असती तर काही बोलले नसते, आणि ते काही बोलले नाहीत म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

पेनड्राइव्ह पाठवतो आहे. फाइल जागेवर ठेव, शिवून घे आणि कसं वाटतं ते कळव.

तुझा,
नरहरी


बन्नूर
९ ऑगस्ट २०२५

चि. नरहरी,

आशीर्वाद. शिवून घेतलं. सगळं छान.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
१० सप्टेंबर २०२५

ती. अंबूताई,

महिना झाला. तुझ्याकडून दोनदा गूळ आला आणि एकदाही पत्र आलं नाही. गुळाला चिठ्ठीसुद्धा नाही. सत्यनारायणला विचारलं तर म्हणतो, ‘सार, टीचरम्मा चेन्नागिद्दारे,’ म्हणजे बरी आहेस. बरी आहेस तर लिहीत का नाहीस?

रागावली असशील तर सांग. पत्ते परत घालतो, पाचही घालतो, सात घालतो. यशोधन रोज विचारतो, पोशाखाची पानं आली का. मी म्हणतो, ताई करते आहे. पण मला तर तू कितव्या पानावर आहेस तेही माहीत नाही. गौरी-गणपतीलाही आली नाहीस. सुमित्राने तुझ्यासाठी कडबू वेगळे काढून ठेवले होते, ते मी तिसऱ्या दिवशी खाल्ले आणि खाताना वाईट वाटलं.

निदान तुझी फाइल पाठव.

नरहरी


बन्नूर
१७ सप्टेंबर २०२५

चि. नरहरी,

आशीर्वाद. रागावले नाही. घरात कामं निघाली, भात लावणीची माणसं, पापड, असलं काहीबाही. फाइल पाठवली आहे. अक्षर थोडं वाढवलं आहे.

ते भिंग परत घालशील का? खेळायला बरं पडत होतं.

वही त्र्याऐंशीव्या पानावर आहे.

कडबू खाल्लेस ते चांगलं केलंस.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
२० सप्टेंबर २०२५

ती. अंबूताई,

तुझं पत्र वाचलं. ओळी डावीकडून निघून उजवीकडे खाली घसरल्या आहेत आणि दोन ठिकाणी एकीवर एक चढल्या आहेत. बन्नूरच्या शाळेत ज्या बाई ओळ वाकडी गेली की पान फाडायला लावत, त्यांचं हे पत्र.

मग फाइल उघडली आणि आजवरच्या सगळ्या पेनड्राइव्हमधल्या तुझ्या जाळीच्या ओळी एकाखाली एक लिहून काढल्या, अण्णांच्या वहीसारख्या.

११. ८ जून. नरहरीने दिलं.
१४. १९ जून. गोजिरी दिसतात.
१८. २१ जुलै. रजनी झोपाळ्यावर बसून लांबून वाचते.
२६. १७ सप्टेंबर. सुम्ने.

सुम्ने! अंबूताई, उगीच म्हणून कुणाची कंबर आठ इंच वाढते का? आणि तुझ्या घरात झोपाळा कुठे आहे? टांगायला तुळई तरी आहे का? काळ्यावर पिवळं, मोठा बाण, भिंग, सगळं तू मला तारखेवार सांगत होतीस आणि मी तुझे पत्त्यांचे खेळ मोजत बसलो होतो.

मी सुमित्राला तो कागद दाखवला. तिने एकदाच बघितला आणि पाटीवर लिहिलं, ‘मोतीबिंदू. दोन्ही डोळे.’ तिचा स्वतःचा झाला आहे, तिला कळतं.

आता माझी चूक. नियम मी सांगितला आणि मीच मोडला. भिंगाची ओळ मी खोडली नाही, तारीख घातली नाही, तुला विचारलं नाही, सरळ पुसून टाकली. तुझी काठी मी काढून घेतली आणि वर स्वच्छ फाइलीचं कौतुक मागितलं. तू साठ दिवसांत त्र्याऐंशी पानं केलीस आणि त्यानंतर महिनाभर एकही नाही, ते माझ्यामुळे. मला फार लाज वाटते आहे, ताई, आणि रडूही आलं.

भिंग परत घातलं आहे. त्या ओळीपुढे लिहिलं आहे, ‘नरहरीच्या गाढवपणामुळे गेलं होतं.’ पण तू आधीचं शिवलेलं का निवडलं नाहीस? मी सांगितलं होतं ना, सुरू करताना यादी येते म्हणून?

खरं काय ते लिही. दसऱ्याच्या गर्दीत बसला पाय ठेवायला जागा मिळणार नाही, त्याआधी तुला इथे आणायचं आहे.

तुझा,
नरहरी


बन्नूर
२३ सप्टेंबर २०२५

चि. नरहरी,

भिंग मिळालं. त्यातून हे पत्र टाइप करते आहे आणि रजनीच्या घरी छापून घेते. हाताने लिहिलेलं तू वाचलंस एवढं पुरे.

यादीचं विचारतोस. ती यादी पाच सेकंद दिसते, आणि मुंगीच्या अक्षरात. फाइलीत अक्षर सव्वीस केलं काय आणि दोनशे केलं काय, ती यादी आपली अकराच्याही खाली. मी तिच्यासमोर रोज सकाळी बसायचे. पाच सेकंद नुसतं पांढरं काहीतरी हलायचं आणि जायचं. सव्वीस कसं केलं म्हणशील, तर ती फाइल मला पाठ आहे. वरून एकेचाळिसावी ओळ, बोटाने मोजत गेले. आकडा तेवढा बदलता आला, भिंगाची पुसलेली ओळ न बघता पुन्हा लिहिणं जमलं नाही.

हो, दिसत नाही. फेब्रुवारीपासून कमी झालं आहे. मी लपवलं, कारण तू पहिलं काय म्हणणार ते मला ठाऊक होतं: चल, ऑपरेशन. आणि मला आईचा उजवा डोळा आठवतो. चौसष्ट-पासष्ट साल असेल, पट्टी काढली तेव्हा मी तिच्याजवळ होते. ती म्हणाली, ‘अंबू, दिवा लाव गं.’ दुपारचे बारा वाजले होते. तू लहान होतास, तुला अंगणात पाठवलं होतं.

मला डोळ्यांची भीती नाही असं नाही, आहेच. पण वहीची जास्त आहे. माझं आईसारखं झालं तर अण्णांचं अक्षर वाचणारं कुणी उरणार नाही. ती सदुसष्ट पानं तशीच मिटून राहतील. म्हणून ठरवलं होतं, आधी वही आणि मग डोळा. भिंग असतं तर झालंही असतं, फोटो मोठा करायची बटणंच मला दिसत नव्हती. जाऊ दे, तू लिहिलंस ते कारण फाइलीत वाचलं आणि खूप हसले. सत्य आहे, खोडू नकोस.

आता माझी अट. मी येते. भिंग लावून पान वाचते, मोठ्याने. तू टाइप कर. दोघं मिळून आठ दिवसांत संपवू. शेवटचं पान झालं की डोळा तुझ्या हवाली.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
२५ सप्टेंबर २०२५

ती. अंबूताई,

अट मान्य. अठ्ठावीसला ये, सत्यनारायणला खिडकीजवळची जागा धरायला सांगितलं आहे. वही फडक्यात बांध, अठरा गाठी मार आणि मांडीवर ठेव.

फक्त एक बदल. टाइप सुमित्रा करेल. तिचा हात जलद आहे, आणि माझी बोटं सुईला सरावलेली आहेत. मी चहा करीन, इस्त्री करीन, तुम्ही सांगाल ते करीन.

आईचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अंगणात मी चिंचोके खेळत होतो एवढंच आठवतं. आता ते दिवस राहिले नाहीत, ताई. सुमित्राचा डोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत मला खडे दाखवत होती. तुझ्याबरोबर आत मी येईन. पट्टी काढतील तेव्हाही तिथेच असेन, यावेळी मला अंगणात पाठवू नकोस.

नरहरी


बन्नूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. नरहरी,

आशीर्वाद. हे पत्र हाताने लिहिलं आहे. ओळी बघ. पट्टी घेऊन मोज हवं तर.

काल कॉम्प्युटर उघडला आणि पहिल्यांदा ती मुंगीची यादी वाचली. सत्तावीस शिवण्या आहेत रे त्यात! पाच सेकंदांत चार वाचल्या, मग पुन्हा बंद करून चालू केला, अशी सगळी वाचून काढली. मग फाइलीत गेले. सव्वीसवर जाळी काढली, खाली अकरा लिहिलं. ‘९ नोव्हेंबर. कारण: दिसतंय.’ दुसरा डोळा जानेवारीत, तो झाला की दहा करीन आणि तुला चिडवीन.

कार्तिकीला विठोबाच्या अंगावर अण्णांच्या कापणीचा अंगरखा बघितला तेव्हा तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की अजून दुखतो. यशोधनने खांद्याची चुणी अगदी एकशे शेचाळिसाव्या पानावर आहे तशी घातली होती. मला ती चुणी गाभाऱ्याबाहेरून दिसली. इतक्या लांबून.

आता मुद्द्यावर येते. अकराचं अक्षर वाचता येऊ लागल्यावर मी सगळी फाइल वाचली. आजवर माझाच भाग कसाबसा बघत होते. काल तुझा भाग वाचला. ‘नरहरी’, आवाज. मी पण एकाखाली एक लिहून काढलं आहे.

६०. ८ जून. पुनीतने दिला.
८५. ३० जून. पंख्याचा आवाज फार.
११०. २ ऑगस्ट. शेजारी बांधकाम.
१५०. १२ सप्टेंबर. सुमित्राला भजन मोठं आवडतं.

शंभराच्या वर आवाज जातो हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे!

शेजारी बांधकाम कुठे आहे रे? तुझ्याकडे महिनाभर राहिले, दोन्ही बाजूंना चांगली उभी घरं आहेत. आणि सुमित्राला भजन मोठं आवडत असतं तर ती कानात कापूस घालून स्वयंपाक करत नसती, तो कापूस मी माझ्या एका नव्या डोळ्याने बघितला आहे. फोन शेजारी असून उचलत नाहीस. म्हणे फोनवर बोललेलं हवेत जातं. मी मोठ्याने पानं वाचत होते तेव्हा टाइप करायला बसला नाहीस, इस्त्री घेऊन आत गेलास. आणि त्या बिचारीचा घसा! हवेचा दोष कसला, पाच महिने ती तुझ्याशी ओरडून बोलते आहे. शेवटी तिने पाटी घेतली आणि तुला वाटलं मिऱ्याचा गुण आला नाही.

तू मला विचारलं होतंस, उगीच म्हणून कंबर आठ इंच वाढते का. आता मी तुला विचारते. मला भीती वाटत होती ती मी लिहिली. तुला कशाची वाटते? यंत्र कानात दिसेल, दुकानात पोरं हसतील, म्हातारा झालो म्हणतील? झालास की. तुझ्या बारशाच्या झबल्याला आता अडुसष्ट वर्षं झाली. अण्णांच्या मापाच्या वहीत एक विठोबा सोडला तर कुणाचं माप राहिलं आहे तेवढंच?

पंधरा तारखेला सत्यनारायणच्या बसने येते आहे. कान तपासायला तुझं नाव सुमित्राने घालून ठेवलं आहे, अकरा वाजताचं. मी तुझ्याबरोबर आत येणार. तुझ्या भागात मी एक ओळ लिहिली आहे, जाळी काढून, तारखेसह. कारणाची जागा मोकळी ठेवली आहे. ती तू भर, आणि खरं लिही.

अंबूताई


विजयनगर, म्हैसूर
११ नोव्हेंबर २०२५

ती. अंबूताई,

कारण लिहिलं: ‘ऐकू येत नाही.’ पंखा, बांधकाम, भजन, काही पुसलं नाही, नुसत्या रेघा मारल्या. सुमित्राने ते वाचलं आणि पाटी धुऊन माळ्यावर ठेवून दिली.

पंधराला ये. दाराची बेल वाजवत उभी राहू नकोस, सुमित्रा बाजारात गेली असली तर संध्याकाळ होईल. मी खिडकीत बसून असेन. कोपऱ्यावरूनच हात कर. तुला मी दिसेन.

तुझा,
नरहरी